लहान मुलांचे गणित आणि आपले कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवी सभेत गणितवर्गाच्या सेवकमंडळीच्या वतीने केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल आम्ही महोत्सव समितीचे ऋणी आहो. विषयाचे नाव ऐकून पुष्कळांस नवल वाटले असेल. देवळाच्या सुवर्णमहोत्सवात गणिताचे काय काम, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु थोडा विचार केला असता असे दिसून येईल की, हा उत्सवच मुळी एका पाढ्यातून जन्मास आला आहे. जुन्या करारातील लेवीय ग्रंथात इस्राएल लोकांस आज्ञा आहे, ती अशी की, सात वर्षांची सात आवर्तने मोजावी, आणि ती भरली म्हणजे पुढील पन्नासावे वर्ष पवित्र मानावे. त्या वर्षी शिंग फुंकून मुक्ततेची घोषणा करावी, आणि ज्याची वडिलोपार्जित जमीन परहस्ते गेली असेल त्याला ती परत मिळावी. सात सत्ते एकोणपन्नास हे ज्याला येत नाही, त्याला महोत्सवाचे वर्ष कोणते हे कळावयाचे नाही. आणि ज्याला हिशेबच येत नाही, त्याला आपली जमीन किती होती, किती गेली व किती परत आली, हेही कळावयाचे नाही. कागदावर अंगठा उठविला आणि शेत हातचे गेले, अशा गोष्टी आपल्या साष्टीच्या गावठाणांतील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. तेव्हा मुक्तता आणि मोजणी यांचे नाते आम्ही आज नव्याने जोडीत आहो असे नाही.

देवळाच्या बाजूच्या खोलीत आठवड्यातून दोन सायंकाळी लहान मुलांचा गणिताचा वर्ग भरतो, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. पहिली ते पाचवीची मुले तेथे येतात. फी नाही. आपल्या धर्मग्रामातील मुले येतात, तशी आसपासच्या चाळींतील अन्यधर्मीय मुलेही येतात. शिकविणारे आम्ही कोणी मोठे पंडित नव्हो. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक बँकेतील कारकून आहेत, दोघी गृहिणी आहेत, आणि महाविद्यालयात शिकणारी तीन मुले आहेत. या वर्गात आम्ही काय केले, कोठे चुकलो, आणि आता आपणांकडे काय मागावयास उभे आहो, एवढेच सांगण्याचा आजचा हेतु आहे.

गणित आणि आपली धर्मसभा

प्रथम एका गैरसमजाचे निरसन करू. गणित ही व्यवहारातील बाब असून देवळाशी तिचा संबंध नाही, असे मानणारे सज्जन आपल्यात आहेत. इतिहास मात्र तसे सांगत नाही. शून्यासह अंक मांडून हिशेब करण्याची रीत याच भारतभूमीत वाढली, ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याचे नियम ग्रंथात लिहून ठेविले. त्यानंतर अवघ्या चौतीस वर्षांनी, इ. स. ६६२ मध्ये, सिरिया देशातील सेव्हेरस सेबोख्त नावाच्या ख्रिस्ती बिशपांनी हिंदी लोकांच्या नऊ अंकचिन्हांची व त्यांच्या गणनापद्धतीची मोकळ्या मनाने प्रशंसा लिहिली. युरोपात या अंकांचा परिचय करून देणाऱ्या आरंभीच्या विद्वानांत गेर्बेर यांचे नाव येते. ते शाळेत विद्यार्थ्यांना मण्यांच्या पाटीवर हिशेब शिकवीत असत, आणि इ. स. ९९९ मध्ये तेच दुसरे सिल्व्हेस्टर या नावाने पोप झाले. इ. स. १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी पंचांग सुधारले, तेव्हा त्या सुधारणेचे गणित मांडून तिचे समर्थन करण्यात जेज्वीट संघाचे फादर क्लॅव्हियस यांचा वाटा मोठा होता. आपला नाताळ व आपले ईस्टर आजही त्याच पंचांगाप्रमाणे येतात.

परंतु आम्हांस या थोर गणितज्ञांपेक्षाही एक दुसरा पुरुष अधिक जवळचा वाटतो. इ. स. १५९७ मध्ये रोम शहराच्या त्रास्तेव्हेरे नावाच्या गरीब वस्तीत, संत दोरोथी हिच्या देवळाला लागून असलेल्या खोल्यांत, संत जोसेफ कॅलासांझ यांनी गोरगरिबांच्या मुलांकरिता विनामूल्य शाळा उघडली. तेथे वाचन, लेखन व धर्मशिक्षण यांच्या बरोबरीने हिशेबही शिकवीत, कारण गरिबाच्या मुलाला पुढे पोट भरावयाचे तर हिशेब हवा, हे त्या संताने ओळखिले होते. देवळाशेजारची खोली, गरिबांची मुले आणि पाटीवरचा हिशेब, हे चित्र आपल्या वर्गाहून फारसे निराळे नाही. आपल्या साष्टीतही, बोरिवलीजवळ मंडपेश्वर येथे, सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन संन्याशांनी मुलांकरिता विद्यालय चालविले होते; तेथील जुन्या इमारतीच्या भिंती लेण्यांच्या माथ्यावर आजही उभ्या दिसतात. तात्पर्य, आम्ही एक जुने काम लहान प्रमाणावर पुढे चालवीत आहो.

मूल कोठे अडते

आता मूळ विषयाकडे वळू. मुलाला गणित येत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा वस्तुतः आपण काहीच सांगत नसतो. ताप आला एवढे सांगून वैद्याला औषध देता येत नाही. ताप कशाने आला हे पाहावे लागते. मुलाची चूक ही बहुधा आळसाची नसते, तिच्या पाठीमागे मुलाचा काही एक विचार असतो. तो विचार शोधून काढणे हेच शिक्षकाचे पहिले काम होय.

काही उदाहरणे देतो. ‘एकशे पाच’ लिही म्हटले की, पुष्कळ मुले १००५ लिहितात. त्यांनी ऐकले तसेच लिहिले. आधी शंभर, मग पाच. स्थानाची किंमत त्यांना अद्याप उमगलेली नाही. ‘त्रेसष्ट’ म्हटले की, दुसरे एखादे मूल ३६ लिहिते, कारण मराठीत तीनाचा उच्चार आधी होतो व साठाचा मागून, आणि लिहिताना मात्र सहा आधी लिहावा लागतो. ‘एकोणतीस’ या शब्दात तर वीसही ऐकू येत नाही आणि नऊही ऐकू येत नाही. तिसाला एक कमी, एवढेच ऐकू येते. त्यातही एकोणनव्वद म्हणावयास शिकलेल्या मुलाला पुढे नव्याण्णव भेटतो, आणि तेथे तो नियमही मोडतो. आपली पुष्कळ मुले इंग्रजी शाळेत जातात. तेथे त्यांना ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांचा घोटाळा होतो, आणि घरी आजी ‘छत्तीस’ म्हणाली तर ते ‘थर्टी सिक्स’ की ‘सिक्स्टी थ्री’ हे कळेनासे होते. अशा रीतीने एकच मूल दोन भाषांच्या मध्ये उभे राहून दोन्हीकडे चुकते, आणि आपण त्याला मंद म्हणून मोकळे होतो.

ही अडचण काही आमच्याच ध्यानी आली असे नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी संख्या वाचण्याची पद्धत देण्यात आली, त्या वेळी विधिमंडळात व वृत्तपत्रांत केवढा गदारोळ उठला हे आपणांस आठवत असेल. मराठीचा अपमान झाला असे काहींना वाटले. त्या विषयाच्या समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर, यांनी जोडाक्षरे व उलटा क्रम यांमुळे लहान मुलांची होणारी ओढाताण शांतपणे समजावून सांगितली होती. २०२३ साली त्या निवर्तल्या. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हे आम्ही येथे सांगत नाही. आम्ही आमच्या वर्गात दोन्ही नावे शिकवितो. त्रेसष्ट म्हणजे साठ आणि तीन, असे मुलाने काड्यांच्या सहा जुड्या व तीन सुट्या काड्या मांडून एकदा पाहिले, म्हणजे आजीचा शब्दही त्याचा होतो आणि शाळेचा शब्दही त्याचा होतो.

वजाबाकीत तर मुलांच्या विचाराचा उत्तम नमुना दिसतो. ५२ मधून २७ वजा कर म्हटले की, कित्येक मुले ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यांनी सातातून दोन वजा केले. लहान अंक मोठ्यातून काढावा, हे कोणी तरी त्यांना पहिलीत सांगितलेले असते, आणि ते त्यांनी आज्ञाधारकपणे पाळलेले असते! येथे ‘हातचा घे’ असे दहा वेळा ओरडून काही होत नाही. दहाची एक जुडी सोडून तिच्या दहा सुट्या काड्या मुलाच्या हातात प्रत्यक्ष पडल्या, म्हणजे हातचा हा शब्द खरोखरीच हातात येतो. याच्या उलट, हातचा पक्का झालेले मूल घड्याळात अडते. गाडी अंधेरीहून आठ वाजून पन्नास मिनिटांनी सुटली व चर्चगेटला नऊ वाजून तीस मिनिटांनी पोहोचली, तर किती वेळ लागला? चौथीतील एका हुशार मुलाने ९३० मधून ८५० वजा करून ‘ऐंशी मिनिटे’ असे उत्तर दिले. त्याची वजाबाकी बिनचूक होती. तास साठाचा असतो, शंभराचा नव्हे, एवढेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

पाढ्यांविषयीही एक शब्द सांगावासा वाटतो. आपल्या आजोबांच्या वेळी पाढ्यांच्या बरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचीही घोकंपट्टी असे. रुपयाचे आणे सोळा, आणि पाव रुपया म्हणजे चार आणे, अशा व्यवहारात ती विद्या रोज उपयोगी पडे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, मागोमाग वजनेमापेही बदलली, आणि ती घोकंपट्टी अंकलिपीच्या पानांत राहिली. ती जशीच्या तशी परत आणावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु पाठांतर अगदीच टाकाऊ होय, हे नवे मतही आम्हांस मान्य नाही. पाढा पाठ असला म्हणजे मन मोकळे राहते व विचाराला जागा मिळते; मात्र सहा आठे अठ्ठेचाळीस म्हणजे आठ आठ चिंचोक्यांच्या सहा रांगा, हे मुलाने आधी डोळ्यांनी पाहिलेले असावे. प्रभूने पाच हजार लोकांस तृप्त केले, त्या प्रसंगी मार्काच्या शुभवर्तमानाप्रमाणे लोकांस शंभर शंभर व पन्नास पन्नास अशा पंक्तींनी बसविले होते. सगळे पन्नासांच्या पंक्तींनी बसते, तर पंक्ती किती झाल्या असत्या? हे उदाहरण आमच्या मुलांस फार आवडते. उत्तर शंभर आल्यावर ती स्वतःच त्यापुढे बारा टोपल्यांचे प्रश्न तयार करितात.

आमची चूक

आता जे सांगावयाचे ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु महोत्सवाच्या वेळी केवळ यशाचेच वाचन करावे, हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

पहिल्या वर्षी वर्गात सहा मुले होती. त्यांची प्रगती पाहून बोलवा झाली, आणि दुसऱ्या वर्षी तेवीस मुले आली. कोणालाही परत पाठवावयाचे नाही, असे आम्ही मोठ्या उत्साहाने ठरविले. एक फळा, एक शिक्षक व तेवीस मुले अशी एकच बैठक आम्ही भरविली. उपस्थितीपत्रक भरलेले पाहून आम्हांस धन्यता वाटे. त्यांत तिसरीतील एक मुलगी होती. अबोल, नीटनेटकी, कधी उशीर न करणारी. तिच्या वहीत सगळी उत्तरे बरोबर असत, आणि आम्ही त्यांवर बरोबरच्या खुणा करीत असू. ती शेजारणीच्या पाटीवरून उतरवून घेते, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानी आले नाही.

त्या वर्षी देवळाच्या सणाच्या जत्रेत मुलांनी खाऊचे दुकान मांडले होते. बत्तीस रुपयांचा खाऊ घेऊन एका गृहस्थांनी पन्नासाची नोट दिली. मुलीने बावीस रुपये परत दिले. पाचातून तीन गेले, राहिले दोन. आणि खालच्या दोनातून वरचे शून्य काढून पुन्हा दोन. तिचा विचार आम्हांस आज कळतो. त्या वेळी मात्र तेथे उभ्या असलेल्या मोठ्या माणसांत हशा पिकला. “गणिताच्या क्लासला जातेस ना ग?” असे कोणी तरी म्हणाले, आणि आम्ही तेथे होतो तेही हसलो. दुसऱ्या आठवड्यापासून ती वर्गात आली नाही. आम्ही तिची विचारपूस केली ती तीन आठवड्यांनंतर, आणि तीही पत्रक भरताना तिच्या नावापुढे रिकामे घर दिसले म्हणून.

आम्ही दोघे जण तिच्या घरी गेलो. तिच्या आजीने आमचे आगतस्वागत केले, चहा पुढे ठेविला, आणि मग सरळ विचारले, “पोर वर्षभर तुमच्याकडे येत होती. तिला येत नाही, हे तुम्हांला जत्रेत कळले होय?” या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. त्या माउलीने सारी हयात बाजारात मासळी विकण्यात घालविली होती. शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. आम्ही सहज विचारले, बत्तीसचा माल दिला आणि पन्नासाची नोट आली, तर तुम्ही काय कराल? ती हसून म्हणाली, “त्यात काय? बत्तीसला आठ घातले की चाळीस, वर दहा की पन्नास. अठरा द्यायचे.” असे म्हणून तिने बोटांवर आठ व दहा हे दोन टप्पे दाखविले. नात कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. आजीची ही रीत तिला फळ्यावरच्या रीतीपेक्षा लवकर उमगली, कारण ती समोरून चालत येत होती, उलटी धावत नव्हती. वजाबाकी म्हणजे दोन संख्यांमधील अंतर, आणि ते पायऱ्यापायऱ्यांनी चालून जाता येते, हा धडा आम्ही त्या दिवशी त्या घरी शिकलो. आज आमच्या वर्गात हातच्याच्या आधी आजीची रीत शिकविली जाते, आणि मुले तिला ‘आजीची वजाबाकी’ असेच म्हणतात.

प्रभूच्या दृष्टान्तातील मेंढपाळ नव्याण्णव मेंढरांना सोडून हरवलेल्या एकाच्या शोधार्थ निघतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. आम्हीही ते ऐकले होते. परंतु त्या घरून परत येताना एक गोष्ट प्रथमच आमच्या ध्यानी आली. एक हरवले हे मेंढपाळाला कळले, याचे कारण त्याने मोजले होते; आणि मोजले ते कळपावर ओझरती नजर टाकून नव्हे, तर एकेकाला ओळखून. आम्ही मुलांची हजेरी घेतली होती, मुलांना मोजले नव्हते.

लहान गट म्हणजे काय

तेव्हापासून आम्ही रीत बदलली. प्रत्येक मुलाला आरंभी एकटे बसवून चार गोष्टी विचारतो: एक ते नऊ अंक ओळखतो काय, दोन अंकी संख्या वाचतो काय, हातच्याची वजाबाकी करितो काय, आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागतो काय. ‘असर’ या नावाची जी पाहणी २००५ सालापासून देशाच्या ग्रामीण भागांत होत आली आहे, तिची कसोटीही बहुतांशी अशीच आहे. २०२४ सालच्या त्या पाहणीत, खेड्यांतील पाचवीच्या मुलांपैकी असा भागाकार करू शकणारी मुले शेकडा सुमारे एकतीसच आढळली. शहराची स्थिती याहून किती बरी आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरातील मुलाला एक भागाकार घालून पाहावे.

या कसोटीवरून, इयत्ता न पाहता, आम्ही सहा सहा मुलांचे गट केले. त्यामुळे पाचवीतील मुलगा व तिसरीतील मुलगी कधी एका गटात येतात. आरंभी मोठ्या मुलांस लाज वाटली. आम्ही गटांना क्रमांक दिले नाहीत, फुलांची नावे दिली. दर सहा आठवड्यांनी पुन्हा कसोटी घेतो आणि गट बदलतो, यामुळे कोणावर कायमचा शिक्का बसत नाही.

लहान गट म्हणजे कमी मुले, एवढाच अर्थ घेतला तर तो अपुरा ठरेल. याविषयी आपल्याच मुंबईत एक महत्त्वाचा प्रयोग झालेला आहे. १९९५ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ योजना चालविली. वस्तीतीलच एखादी शिकलेली तरुणी, म्हणजे बालसखी, तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरावीस मुले वर्गाबाहेर घेऊन रोज सुमारे दोन तास त्यांना मुळाक्षरे व मूळ अंकगणित शिकवी. मुंबई व वडोदरा या दोन शहरांत या योजनेची काळजीपूर्वक परीक्षा करण्यात आली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी तिचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केला. या दोघांस पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या परीक्षेत असे दिसले की, बालसखीकडे गेलेल्या मागासलेल्या मुलांचा लाभ मोठा झाला. परंतु ती मुले बाहेर गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला, त्या लहान झालेल्या वर्गात उरलेल्या मुलांना मात्र विशेष लाभ झालेला आढळला नाही. म्हणजे केवळ संख्या कमी केल्याने काम होत नाही. मूल जेथे उभे आहे तेथे जाऊन त्याचा हात धरावा लागतो. आणि संख्या कमी असली तरच तेथवर जाता येते, एवढ्यापुरतेच तिचे महत्त्व.

त्याच परीक्षेतील दुसरा निष्कर्ष कटु आहे, तोही सांगितला पाहिजे. योजना संपल्यावर एक वर्षाने पाहिले, तेव्हा मुलांचा लाभ टिकला होता खरा, पण पुष्कळ ओसरला होता. यास्तव दोन महिने उत्साहाने शिकवून नंतर वर्ग बंद करणे, यात मुलांचे हित नाही. बी पेरून पाणी न घालणाऱ्या शेतकऱ्यासारखे ते होईल.

काही आक्षेप

काही बंधू म्हणतात, हे काम शाळेचे आहे. ते खरे आहे. परंतु २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानेही प्राथमिक शाळेत साधारणतः तीस मुलांस एक शिक्षक धरला आहे. तीस मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने प्रत्येकाच्या चुकीमागचा विचार शोधावा, ही अपेक्षा माणुसकीला धरून नाही. तेवीस मुलांत आमची काय गत झाली, ते आम्ही आताच कबूल केले आहे.

दुसरे म्हणतात, पैसे देऊन क्लासला घालावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी अवश्य घालावे. ज्या घरी भाडे, रेशन व औषधपाणी यांतच महिना सरतो, त्यांचे काय?

तिसरा आक्षेप असा की, इतका उत्साह धर्मशिक्षणात दाखविला असता तर बरे झाले असते. आमच्यापैकी तिघे रविवारी धर्मशिक्षणाचा वर्गही घेतात, आणि त्यांचा अनुभव असा की, ज्या मुलाला आठवड्यात एकदा तरी ‘मला येते’ असे वाटले, ते मूल प्रार्थनाही मान वर करून म्हणते. आणि अन्यधर्मीय मुले का घेता, असे कोणी विचारील तर आमचे उत्तर एवढेच की, वजाबाकी करणाऱ्या मुलाचा धर्म विचारण्याची पद्धत संत कॅलासांझ यांनीही ठेविली नव्हती. त्यांच्या शाळेत यहुदी मुलांनाही प्रवेश असे.

आमचे मागणे

बंधुभगिनींनो, आज वर्गात चार गट आहेत आणि चोवीस मुले आहेत. आणखी अकरा मुलांची नावे आमच्याजवळ लिहिलेली आहेत. या अकरांस आहे त्या गटांत बसविणे सोपे आहे. खोलीत जागा आहे, सतरंजी मोठी आहे. कोणाला नाही म्हणणे जिवावर येते, आणि पत्रकावर पस्तीस हा आकडा शोभूनही दिसेल. परंतु ही चूक आम्ही एकदा केली आहे, आणि तिची किंमत आमच्याऐवजी एका आठ वर्षांच्या मुलीने भरली आहे. ती चूक आम्ही पुन्हा करणार नाही.

अकरा मुलांचे दोन गट होतील. प्रत्येक गटाजवळ दोन वडील माणसे असावी आणि खोलीचे दार उघडे असावे, असा मुलांच्या सुरक्षिततेसाठी आम्ही नियम केला आहे. म्हणजे आम्हांस चार माणसे हवी आहेत. प्रत्येकाने आठवड्यातून दोन सायंकाळी एकेक तास द्यावा. आठवड्याचे तास १६८. त्यांतील दोन आम्ही मागतो आहो. गणितातील पदवी नको. दोन अंकी वजाबाकी यावी, आवाज चढवू नये, आणि मूल चुकले असता ‘कसे केलेस ते मला सांग’ एवढे विचारण्याचा धीर असावा. मासळीबाजारात किंवा दुकानात आयुष्य गेलेली आजी-आजोबा मंडळी आली तर आम्हांस विशेष आनंद होईल. त्यांच्यापाशी अशा कित्येक रीती आहेत, ज्या कोणत्याही पुस्तकात छापलेल्या नाहीत. जोपर्यंत चार माणसे मिळत नाहीत, तोपर्यंत ती अकरा नावे दर रविवारच्या मिस्साआधी आम्ही प्रार्थनेत ठेवू. परंतु त्यांच्या घरच्यांस खोटी आशा लावणार नाही.

ती मुलगी पुढे काय झाली, असे आपण मनात विचारीत असाल. आजीचे मन वळविण्यास आम्हांस तीन वेळा जावे लागले. आम्ही त्या मुलीची तिच्या घरी, तिच्या आजीच्या समक्ष क्षमा मागितली. त्यानंतर ती आली, आणि पाच मुलांच्या गटात सहावी म्हणून बसली. आता ती पाचवीत आहे. तिला गणित फार आवडते असे सांगून आम्ही आपणांस फसविणार नाही. भागाकारात ती अजून अडते. परंतु आता अडली म्हणजे ती शेजारणीच्या पाटीकडे पाहत नाही, हात वर करिते. गेल्या सणाच्या जत्रेत ती पुन्हा खाऊच्या दुकानावर उभी होती. पैसे परत देताना तिचे ओठ हलत होते. आठ, आणि दहा.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या देवळाचा पाया घातला, त्यांनी विटा मोजल्या, पोती मोजली, आणि पै पै गोळा करून तिचा हिशेब ठेविला. पुढील पन्नास वर्षांत आपण मुले मोजावी, एकेकाला ओळखून मोजावी, आणि महोत्सवाच्या त्या पुढल्या दिवशी कोणी एकही गळलेले नसावे, एवढीच त्या सर्वांच्या मोठ्या मेंढपाळाच्या चरणी आमची प्रार्थना आहे. पवित्र माता मरिया आपल्या मुलाबाळांवर कृपादृष्टि ठेवो.